शेवटच्या रांगेतल्या आजींना शब्द कळावेत म्हणून : आपल्या कार्यक्रमांसाठी ध्वनियंत्रणा कशी निवडावी



गेल्या कोजागिरीच्या भावगीतांच्या कार्यक्रमात आपल्याच घरांतली मुले गायली. तालीम चांगली झाली होती, सूर लागले होते, टाळ्याही भरपूर पडल्या. मसाला दूध घेताना शेवटच्या रांगेत बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "पोरं गोड गायली हो. पण शब्द काही कळले नाहीत. चाल ओळखीची, म्हणून गाणं ओळखलं एवढंच." त्यांच्या शेजारी बसलेल्या दोघा-तिघांनीही मान डोलावली.

त्या दिवशी आवाज कमी नव्हता. भाड्याने आणलेले दोन मोठे स्पीकर होते आणि खाली बेसचे दोन खोकेही होते. पहिल्या रांगेतल्या लोकांनी तर कानांवर हात ठेवले होते. म्हणजे आवाज शेवटपर्यंत पोहोचला, पण शब्द मधेच कुठेतरी गळून पडले.

आपल्याला हे अधिक लागते, त्याला कारण आहे. आपली मुले शाळेत इंग्रजी, तेलुगू आणि हिंदी शिकतात. मराठी त्यांच्या कानी पडते ती घरी आणि आपल्या कार्यक्रमांतून. भावगीत, नाट्यगीत, अभंग, पोवाडा हे सगळे प्रकार शब्दांवर उभे आहेत. तेच ऐकू आले नाहीत, तर मुलांपर्यंत फक्त चाल पोहोचते आणि भाषा मंचावरच राहते.

म्हणून दरवेळी भाड्याने यंत्रणा आणण्याऐवजी स्वतःचा छोटा संच घ्यावा का, हा विषय कार्यकारिणीत निघाला. आम्ही काहीजण आबिड्स ते कोठी पायी फिरलो, दुकानदारांशी बोललो, वेगवेगळे संच लावून ऐकले. त्यातून जे समजले ते इथे मांडत आहोत. घरात कोणी एकट्याने गाण्याचे कार्यक्रम करत असेल, किंवा तीन-चार मित्रांचा वाद्यवृंद असेल, तर त्यांनाही याचा उपयोग व्हावा.

आधी कार्यक्रमांची यादी करा

दुकानात जाण्यापूर्वी कागद घेऊन बसावे. वर्षभरात कोणते कार्यक्रम होतात, श्रोते किती, जागा बंदिस्त की उघडी आणि एका वेळी माइक किती लागतात, हे लिहून काढावे. आमची यादी अशी झाली :

• घरगुती मैफल, बारसे, साठीशांत : ३० ते ५० माणसे, एक गायक, पेटी आणि तबला.
• कोजागिरी, दिवाळी पहाट, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन : सभागृहात १०० ते २०० माणसे, दोन गायक, निवेदिका, पेटी, तबला, कीबोर्ड आणि साइड रिदम.
• गणेशोत्सव : मांडव, उघडी जागा, गर्दी कमी-जास्त.

पहिल्या दोन प्रकारांसाठी एकच संच पुरतो. गणेशोत्सवाच्या मांडवासाठी जास्तीचे सामान तेवढ्या दिवसांपुरते भाड्याने आणावे. वर्षातल्या दहा दिवसांसाठी मोठा संच घेतला, तर उरलेले दिवस तो कुठे ठेवायचा आणि जिन्याने चढवायचा कोणी, हे प्रश्न उभे राहतात.

शब्द कुठे हरवतात?

आपल्या बोलण्यातल्या स्वरांना जोर असतो आणि व्यंजने नाजूक असतात. स्वरांची बरीचशी ताकद एक हजार हर्ट्झच्या खाली असते. 'ताट' आणि 'पाट' यांतला फरक सांगणारी सूक्ष्म माहिती मात्र मुख्यतः त्याच्या वर, दोन ते चार हजार हर्ट्झच्या आसपास असते. बेस वाढवला की खालचा आवाज फुगतो आणि व्यंजने त्याखाली दबतात. वय वाढते तशी ऐकण्याची शक्ती आधी वरच्या पट्टीत कमी होते. म्हणून तरुणांना जे चालून जाते, त्यात ज्येष्ठांना नुसता गलका ऐकू येतो.

दुसरे कारण सभागृहाचे. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत छत उंच, भिंती कोऱ्या आणि खाली शहाबादी फरशी. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. मागची भिंत १६ मीटरवर असेल, तर तिच्यावर आपटून आवाज मंचापाशी परत यायला जवळजवळ दशांश सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गायकाने पुढचे अक्षर अर्धे उच्चारलेले असते. दोन्ही एकमेकांत मिसळतात. त्यात साउंडवाल्याने मिक्सरवरचा एको वाढवला की उरलेसुरले शब्दही वाहून जातात. एकोने आवाज गोड वाटतो, पण तो गोडवा रिकाम्या गळ्याला झालर लावण्यासारखा आहे. आपल्या सभागृहात निसर्गानेच पुरेसा एको दिलेला आहे.

यावर स्वस्त उपाय आहेत. मागच्या भिंतीवर जाड पडदे, जमिनीवर सतरंज्या, आणि स्पीकर स्टँडवर चढवून माणसांच्या डोक्यांच्या थोडे वर, तोंड किंचित खाली श्रोत्यांकडे. आवाज भिंतींवर कमी आणि माणसांवर जास्त पडला पाहिजे. माणसे आवाज शोषून घेतात, म्हणून रिकाम्या सभागृहात लावलेले माप भरल्यावर बदलते, हेही लक्षात ठेवावे.

वॅटचा हिशेब

दुकानात पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा हवा?" हा प्रश्नच फसवा आहे. वॅट म्हणजे स्पीकर किती वीज सोसतो किंवा ॲम्प्लिफायर किती देतो याचे माप. आवाज किती निघतो, ते डेसिबलमध्ये मोजतात. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. कानाला आवाज दुप्पट झाला असे वाटायला १० डेसिबल लागतात आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. १०० वॅटऐवजी २०० वॅटचा संच घेऊन शेवटची रांग सुधारत नाही, ती यामुळे.

खोक्यावर 'पीएमपीओ' असे लिहून हजारोंचा आकडा असेल, तर त्याकडे बघूच नये. तो कागदावरचा आकडा असतो. 'आरएमएस' किंवा 'कंटिन्युअस' म्हणून दिलेला आकडा पाहावा, आणि त्याहून उपयोगी म्हणजे 'मॅक्झिमम एसपीएल' हा डेसिबलचा आकडा.

त्याचा हिशेब सोपा आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. समजा स्पीकरवर १२० डेसिबल लिहिले आहे. हे माप एक मीटरवरचे असते. दोन मीटरवर ११४, चार मीटरवर १०८, आठ मीटरवर १०२ आणि सोळा मीटरवर ९६. कंपनीचा आकडा क्षणभराच्या शिखराचा असतो, म्हणून त्यातून आणखी दहा वजा करू. तरीही ८६ उरतात. साधे बोलणे एका मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे सुगम संगीतासाठी सोळा मीटरवर ८६ भरपूर झाले. बंद सभागृहात भिंतींमुळे घट याहूनही कमी होते. १५०-२०० माणसांच्या सभागृहाला असे दोन मध्यम स्पीकर पुरतात.

कोणाला कोणता संच?

बाजारात साधारण चार प्रकार दिसतात.

पहिला, बॅटरीवर चालणारा चाकांचा स्पीकर. प्रभातफेरी, हळदीकुंकू, सोसायटीच्या गच्चीवरचे भजन यांना ठीक. पण यात माइकची तोंडे एक-दोनच असतात आणि बहुतेकांमध्ये बेस फुगवलेला असतो. घ्यायचा तर बॅटरी गाण्याच्या आवाजात किती तास टिकते, हे विचारावे.

दुसरा, खांबासारखा उभा स्पीकर. यात छोटे-छोटे स्पीकर एकावर एक रचलेले असतात. त्यामुळे आवाज आडवा पसरतो, छताकडे आणि जमिनीकडे कमी जातो. घुमणाऱ्या खोलीत शब्द स्वच्छ राहतात. एकट्या गायकाला उचलायला, लावायला सोपा. बोसने २००३ मध्ये एल-१ आणल्यापासून हा प्रकार रूढ झाला आणि आता अनेक कंपन्या तो बनवतात. पैसे मात्र जास्त पडतात.

तिसरा, ज्याच्या पोटातच ॲम्प्लिफायर आहे असा स्पीकर, म्हणजे 'पॉवर्ड' किंवा 'ॲक्टिव्ह'. दोन स्पीकर, दोन स्टँड आणि वेगळा मिक्सर. १० इंची जोडी गाणे, पेटी आणि तबला यांना पुरते. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड नेहमी असेल तर १२ इंची. वाद्यवृंद वाढला तर पुढे एक बेसचा खोका जोडता येतो. आम्हाला आपल्या मंडळासाठी हाच प्रकार सोयीचा वाटला.

चौथा, जुन्या पद्धतीचा ॲम्प्लिफायर आणि भिंतीवरचे स्पीकर किंवा कर्णे. अहुजा कंपनी १९४० पासून या धंद्यात आहे आणि देवळे, शाळा, सभा यांत तिचे यंत्र सर्वत्र दिसते. भाषणाला, सूचना द्यायला हे उत्तम आणि दुरुस्तीही कुठेही होते. पण कर्ण्यातून गाणे ऐकू नये. त्यात तबल्याचा डग्गा हरवतो आणि तार सप्तक टोचते.

माइक : कमी, पण चांगले

गायकासाठी साधा 'डायनॅमिक' माइक घ्यावा. शुअरचा एसएम-५८ हा १९६६ पासून जगभर वापरात आहे. तो पडला-झडला तरी चालतो, त्याला वेगळी वीज लागत नाही आणि तो मुख्यतः समोरचा आवाज घेतो. इतर कंपन्यांचेही याच जातीचे चांगले माइक मिळतात. या माइकची नक्कल बाजारात सर्रास मिळते, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलासह घ्यावा. 'कंडेन्सर' माइक नाजूक आवाज छान टिपतो, पण त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात आणि तो आजूबाजूचे सगळेच उचलतो.

गायकाने माइक तोंडापासून साधारण चार बोटे ठेवावा. अंतर चार बोटांचे आठ झाले की माइकला मिळणारा आवाज ६ डेसिबलने कमी होतो, मग मिक्सरवाला बटण वाढवतो आणि शिट्टी सुरू होते. उलट, अगदी ओठांना चिकटवला की आवाज जाड होतो आणि पुन्हा व्यंजने दबतात. मुलांना तालमीतच माइक हातात देऊन हे शिकवावे.

पेटीला एक माइक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक. टाळ, झांज यांना माइक लागतच नाही. चालू माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येईपर्यंतची जागा ३ डेसिबलने कमी होते. म्हणून गात नसलेल्याचा आणि निवेदिकेचा माइक गाणे सुरू असताना बंद ठेवावा.

कॉर्डलेस माइकचा मोह सगळ्यांना होतो. पण तो मोबाईल-वायफायच्या लहरींवर चालणारा स्वस्तातला असेल, तर भरल्या सभागृहात मधेच गप्प होऊ शकतो. आधी वायरचे माइक घ्यावेत, मग उरलेल्या पैशांत एक बरा कॉर्डलेस.

मिक्सर : चॅनेल मोजू नका, माइकची तोंडे मोजा

आपल्या कार्यक्रमाचा हिशेब करू. गायक दोन, निवेदिका एक, पेटी एक, तबला-डग्गा दोन, साइड रिदम एक. झाले सात माइक. कीबोर्डची एक किंवा दोन वायर वेगळी. म्हणजे १२ चॅनेलचा मिक्सर पुरेल असे वाटते. इथे अनेकजण फसतात. '१२ चॅनेल' लिहिलेल्या मिक्सरवर माइक जोडायची तीन पिनांची, म्हणजे एक्सएलआर, तोंडे अनेकदा सहाच असतात. बाकीची कीबोर्ड, लॅपटॉप अशांसाठी. म्हणून बोटाने मोजून किमान आठ तोंडांचा मिक्सर घ्यावा. प्रत्येक माइकला 'लो कट' हे बटण असावे. ते दाबले की ८० ते १०० हर्ट्झच्या खालची धडधड जाते आणि गाणे मोकळे होते. डग्ग्याच्या माइकवर मात्र ते दाबू नये.

शिट्टी का वाजते?

माइकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो, पुन्हा वाढून बाहेर येतो. हे चक्र म्हणजे शिट्टी. म्हणून मुख्य स्पीकर नेहमी माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. गायकाला स्वतःचे ऐकायला छोटा मॉनिटर द्यावा आणि तो माइकच्या पाठीकडे ठेवावा, कारण 'कार्डिऑइड' माइक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. माइकची जाळी मुठीत धरली की हा गुण जातो आणि शिट्टी हमखास येते. शिट्टी आली की आधी आवाज खाली आणावा, मग कारण शोधावे.

वीज आणि वायर

स्पीकरमधून येणारी घूं-घूं बहुधा अर्थिंगची असते. मिक्सर, स्पीकर, कीबोर्ड सगळे एकाच बोर्डावरून घ्यावे आणि दिव्यांच्या डिमरची लाइन वेगळी ठेवावी. घरघर थांबावी म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये. गायकाचे ओठ माइकला लागलेले असतात, तिथे जिवाशी खेळ होतो. लॅपटॉप किंवा कीबोर्ड लावल्यावरच घरघर येत असेल, तर मधे 'डीआय बॉक्स' नावाची छोटी डबी लावतात. लांबच्या वायरी एक्सएलआरच्याच घ्याव्यात. त्यांची रचनाच बाहेरची खरखर गाळणारी असते.

पैशांची वाटणी आमच्या अंदाजाने अशी असावी : शंभरातले पन्नास स्पीकरला, वीस मिक्सरला, वीस माइकला आणि दहा स्टँड, वायर, पेट्यांना. सगळे पैसे स्पीकरवर घालून मग फुटपाथवरची वायर घेतली, तर कार्यक्रम त्या वायरीवर अडतो.

दुकानातली वीस शब्दांची परीक्षा

आबिड्सला खरेदीचे बाळकडूच आहे. सहाव्या निजामांच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिड यांच्या दुकानावरूनच या भागाला नाव पडले. तिथून कोठीकडे निघाले की गुजराती गल्लीत स्पीकर, ॲम्प्लिफायर, माइक यांची ओळीने दुकाने आहेत. रविवारी जाऊ नये. त्या दिवशी आबिड्सच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो तो बहुतेक दुकाने बंद असतात म्हणूनच. मधल्या वारी सकाळी जावे, रस्त्यावरचा गोंगाट कमी असतो.

दुकानदार बहुधा मोबाईलवरून दणदणीत सिनेगीत लावून दाखवतो. ते ऐकून निर्णय घेऊ नये. गायकाला, पेटीला आणि एका ज्येष्ठ सभासदाला सोबत न्यावे. आम्ही एक साधी परीक्षा केली. एकाने माइकवर हे वीस शब्द क्रम बदलून वाचायचे :

पाट, ताट, थाट, दाट, घाट, खाट, लाट, वाट, भाट, चाट;
साल, शाल, चाल, ताल, टाळ, डाळ, माळ, गाळ, नाळ, जाळ.

दुसऱ्याने लांब, पाठ करून उभे राहून जे ऐकू येईल ते लिहायचे. ही कल्पना काही आमची नव्हे. टेलिफोनच्या सुरुवातीच्या काळात अभियंते अशीच अक्षरे वाचून तारेची परीक्षा घेत. आमच्या सभागृहात पहिल्या खेपेला जवळजवळ निम्मे शब्द चुकले. मग एको बंद केला, बेस कमी केला, स्पीकर स्टँडवर चढवले. यंत्र तेच, वाचणारा तोच, पण चुका दोन-तीनवर आल्या. भाड्याच्या संचाला नावे ठेवण्याआधी आपण हे करून पाहायला हवे होते, एवढे मान्य करतो.

नियम

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो वाजवता येत नाही. बंद सभागृहात आतल्या आत वापरण्याला रात्रीची सूट आहे. वर्षातल्या ठरावीक दिवशी, जास्तीत जास्त १५, सरकार सण-उत्सवांसाठी रात्री १२ पर्यंत मोकळीक देऊ शकते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकते. आबिड्स-कोठी भागात हे सगळे एकमेकांना लागूनच आहे, त्यामुळे मांडव घालण्याआधी चौकशी करावीच. दिवाळी पहाट सहाच्या आधी सुरू करायची असेल, तर ती सभागृहातच बरी.

यंत्राइतकाच माणूस

सर्वात शेवटी, आणि सर्वात महत्त्वाचे. मिक्सर मंचाच्या कोपऱ्यात पडद्यामागे ठेवू नये. तो श्रोत्यांच्या मधोमध असावा आणि तिथे आपलाच, मराठी समजणारा माणूस बसावा. ओळ अर्धवट ऐकू आली, हे त्यालाच कळेल. आपल्या तरुण सभासदांपैकी दोघा-तिघांनी हे काम शिकून घ्यावे. प्रत्येक कार्यक्रमानंतर कोणते बटण कुठे होते आणि काय बिघडले हे एका वहीत लिहावे, म्हणजे पुढच्याला पहिल्यापासून सुरुवात नको.

आमची शिफारस अशी : १० इंची पॉवर्ड स्पीकरची जोडी, आठ माइक तोंडांचा मिक्सर, एक मॉनिटर, सात वायरचे माइक. बेसचे खोके गणेशोत्सवापुरते भाड्याने. निर्णय अर्थातच सभासदांचा आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय ठेवला आहे. ज्यांच्या घरी गाणारे, वाजवणारे किंवा इलेक्ट्रॉनिक्समधले जाणकार आहेत, त्यांनी सभेआधी आपल्या सूचना कार्यकारिणीकडे द्याव्यात.

त्या आजींनाही सभेचे निमंत्रण दिले आहे. संच आला की पहिल्या चाचणीला वही-पेन्सिल घेऊन शेवटच्या रांगेत बसण्याचे त्यांनी कबूल केले आहे. त्यांचे वीसपैकी वीस शब्द बरोबर आले, की बिलाची उरलेली रक्कम द्यायची, असे आमच्यात ठरले आहे.